वातीचा हिशेब

अंक किती लांब असावा हे नाटककार ठरवत नाही.
चरबीची मेणबत्ती ठरवते.
अर्ध्या तासात ती काजळी धरते, धूर ओकू लागते,
मग मी कात्री घेऊन मधोमध जातो आणि वाती छाटतो.
एकही विझली नाही तर
रुआँचे लोक माझ्यासाठीसुद्धा टाळ्या वाजवतात.

तीस वर्षं झाली.
नाटक कुठलंही असो, म्हातारा तोच.
पहिल्या अंकात म्हणतो, नाही.
दुसऱ्यात दाराला कुलूप घालतो, तिसऱ्यात खिडकीला,
चौथ्यात मुलीला मठात धाडायची भाषा.
आणि पाचव्यात, वाती बोटभर उरल्या की
पत्र येतं:
हा फाटका पोरगा म्हणजे कुणा उमरावाचा
गलबत फुटून हरवलेला एकुलता एक.
बाप लगेच विरघळतो.
लोक म्हणतात, बघा, शेवटी बाप बदलला.
बाप कुठला बदलतोय!
जावई बदलला.

डाव्या सज्जात दर गुरुवारी गिल्मो बसतो,
हातमोज्यांचा व्यापारी.
म्हाताऱ्याला सगळ्यात मोठ्यानं तोच हसतो,
पोट धरून, एका हातानं.
दुसरा हात मुलीच्या मनगटावर असतो,
वाऱ्यानं कागद उडू नये म्हणून
वजन ठेवावं तसा.
हे वर झुंबराजवळून मलाच दिसतं.

मी काही न्यायाधीश नाही.
माझी पेरीन दिएपला गेली
हेरिंग खारवणाऱ्या एका पोराबरोबर.
मी म्हणालो होतो, त्याच्या अंगाला मासळीचा वास येतो.
ती म्हणाली, आणि तुमच्या?
त्यावर मला आजही काही सुचलेलं नाही.

तर त्या गुरुवारी, चौथ्या अंकानंतर
तिबोनं पोटाची उशी आवळायला घेतली
आणि पत्र माझ्याकडे दिलं, धर जरा म्हणून.
माझ्या दुसऱ्या हातात पेटती काडी होती.
एवढंच झालं.
कागद जळताना आरपार उजळतो.
मी दोन्ही बाजू पाहिल्या.
मला वाचता येत नाही,
पण कोरं म्हणजे काय ते कळतं.
इतकी वर्षं ज्यानं बापाचं काळीज फिरवलं
त्यावर शाईचा एक ठिपका नव्हता.

पाचवा अंक.
नोकर धावत आला आणि रिकाम्या हातानं उभा राहिला.
तिबोनं हात पुढे केला. मागे घेतला.
या माणसाला हजार वेळा ‘हो’ म्हणता आलं होतं,
पण कारण हातात असतानाच.
मेणबत्त्या बुडाला आल्या.
पिटातला कुणीतरी खाकरला.

तेव्हा क्लोतिल्दनं, म्हणजे मुलीनं,
तळवा उघडून त्याच्यापुढे धरला.
‘हे पत्र. वाचा.’

तिबोनं तिचं मनगट धरलं. मग सोडलं,
तिचा हात तसाच राहिला, अधांतरी.
तो वाकून वाचू लागला.
‘लिहिलंय की मुलगा दरिद्रीच आहे.’
हशा.
‘समुद्रात कुणी हरवलं नव्हतं.’
आणखी हशा.
‘आणि लिहिलंय...’
इथे त्यानं का कोण जाणे वर, माझ्याकडे पाहिलं,
‘...की मुलगी विचारत नाहीये. कळवते आहे.’

हसावं की नाही, लोकांना कळेना.
सज्जात गिल्मोनं डोळे पुसायला
रुमाल काढला. घाम असेल.
रुमालाची घडी सोडायला दोन हात लागतात.
तेवढ्यात पोरीनं मनगट मांडीवर ओढून घेतलं
आणि दुसऱ्या हातानं चोळत बसली.

शुक्रवारी व्यवस्थापकानं नवा कागद आणला, लाखेची मोहोर लावून.
जुनंच नाटक, जुनाच उमराव.
मला दंड झाला, चार सू.

उरलेले मेणबत्त्यांचे तुकडे माझे,
असा इथला रिवाज आहे. ते मी विकतो.
त्या आठवड्यात एक ठेवून घेतला,
आणि कोपऱ्यावरच्या लेखनिकाला घरी बोलावलं.
तो लेखणी बुडवून विचारतो, काय लिहू?
तुकडा बोटभर उरलाय.
म्हटलं, थांब. आधी वात छाटतो.