मैलांची वही

लोक विचारतात तिच्या आवाजाबद्दल.
मला टायरांबद्दल विचारा.
अकरा वर्षं तिची गाडी मी हाकली,
मला तिचा आवाज कायम पाठीमागून आला,
जांभईत मिसळलेला,
गिटारच्या खोक्यावर पाय टाकून पडलेल्या बाईचा.

एव्हिस डंकर्ली. फ्लीटवुडची.
बाप ट्रॉलरवर. आइसलंडकडे गेला तो गेलाच.
आई धुरीघरात हेरिंग टांगायची,
आणि पोरीने कितीही साबण लावला
तरी दमट हवेत तिच्या केसांतून धूर उठायचा.
पहिल्याच दिवशी सांगून टाकलं तिने,
"वास आला तर काच खाली कर, मला काही वाटत नाही."
मी केली नाही.
डिसेंबर होता, आणि हीटर बंद.

माझ्याकडे वही आहे. तारीख, गाव, मैल, पेट्रोल.
चौदा फेब्रुवारी, स्कनथॉर्प, एकशे वीस.
श्रोते नऊ, त्यात एक कुत्रा.
कार्लाइलला पबवाल्याने पैशांऐवजी
मेंढीची तंगडी दिली कागदात गुंडाळून,
ती आमच्याबरोबर चार गावं हिंडली.
तेही लिहिलंय, पेट्रोलच्या रकान्यात.

गाणी या वहीत नाहीत.
एकच पान सोडून.

शॅपच्या घाटात बर्फाने गाडी अडवली
आणि पहाटे ट्रकवाल्यांच्या हॉटेलात
चहाच्या वाफेत मी बडबडत बसलो:
आमच्याकडे गॅसच्या मीटरमध्ये शिलिंग टाकावं लागे.
शिलिंग संपलं की शेगडी विझे, दिवा विझे,
आणि आई म्हणे,
"गप पडा रे पोरांनो, अंधाराला पैसे पडत नाहीत."
एव्हिसने चमचा खाली ठेवला.
कागद नव्हता. तिने माझी वही ओढली.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.
गाणं सतराव्या क्रमांकापर्यंत चढलं,
लंडनने तिला चमचमता झगा चढवला,
आणि लांब टेबलापलीकडचे साहेब म्हणाले,
"आता दुसरं हवं. अगदी असंच, पण वेगळं."
तिने चाळीस लिहिली. मी ऐकली आहेत,
रात्री दोन वाजता, वायपरच्या तालावर.
त्यातली सहा-सात तर त्याहून चांगली होती.
पण माणसं एक शिलिंग घेऊनच यायची.
लग्नात ती ओळ, दफनविधीत ती ओळ,
बिस्किटांच्या जाहिरातीतसुद्धा एकदा.

हलच्या सभागृहात ती त्या ओळीपाशी थांबली.
नुसती थांबली.
हजार माणसांनी ओळ पूर्ण केली, डोळे पुसले,
त्यांना वाटलं, बाई गहिवरली.
पडद्याआडून मला तिची मान दिसत होती.
ती पाहुण्यांच्या घरात उभं राहिल्यासारखी उभी होती,
कोट कुठे टांगावा ते न कळून.

परतताना गूलच्या पंपावर पहिल्यांदा बोलली.
"विल्फ, ती ओळ तुझी."
"आईची," मी म्हणालो.
"मग तिला किती देऊ?"
आईला जाऊन सात वर्षं झालेली.
"शिलिंग," मी म्हणालो. गंमतीने.
हसली नाही.
शिलिंग तेव्हा चलनातूनही गेलं होतं,
पण दोन दिवसांनी कुठूनसं एक आणून
तिने ते च्युइंगमने माझ्या डॅशबोर्डला चिकटवलं.
गाडी विकताना मी ते स्क्रूड्रायव्हरने काढलं.
डाग राहिला. त्याचे दोन पौंड कमी आले.

नंतर घसा गेला, किंवा गेला असं तिने सांगितलं.
शाळेच्या स्वयंपाकघरात मटार वाढायची.
पोरांना माहीत नव्हतं, आणि मला वाटतं
तिला तेच हवं होतं. खात्री नाही.
एवढ्या मैलांत मी तिला विचारलं नाही,
आणि मला एक कबूल करायचंय:
पहिल्यांदा रेडिओवर ऐकलं तेव्हा
क्षणभर राग आला होता.
आई माझी होती.

मागल्या हिवाळ्यात कार्लटनच्या स्मशानात
तिचीच रेकॉर्ड लावली.
ओळ आली, आणि बाकांवरची सगळी तोंडं उघडली.
माझं उघडलं नाही.
घरी येऊन वही काढली:
कार्लटन, सात मैल, बसने.
श्रोते मोजले नाहीत.