नमुना सत्तेचाळीस

एल आल्तोच्या प्रसूतिगृहात पहाटे चारला
नळी माझ्या हातात येते, जांभळ्या टोपणाची,
नाळेतलं चमचाभर रक्त, अजून कोमट.
बर्फात खोच आधी, सुईण कासिल्दा ओरडते,
उशीर केलास तर त्यातली भीती विरून जाते.

भीती म्हणजे अ‍ॅड्रेनलिन, आणि त्याचं थोरलं भावंड.
बाहेर येताना बाळाच्या रक्तात ती इतकी चढतात
की तेवढी माझ्यात चढली असती
तर मी जिन्यातच कोसळले असते.
त्याला मात्र त्यांचाच आधार.
फुप्फुसातलं पाणी ओसरतं,
आणि नाक असं तल्लख होतं
की आई कुठल्या अंगाला आहे ते डोळे मिटूनही कळतं.
चार हजार मीटरवर हवा मोजूनमापून मिळते.
तरी ते केवढ्यानं रडलं!
हा बाजारात बसणार, कासिल्दा म्हणाली.

आईचीही एक नळी.
ऑक्सिटोसिन म्हणे लाटांनी येतं.
आमच्या देशाला समुद्र नाही,
एका नळीत लाट कशी धरतात मला काय ठाऊक.
मी आकडा लिहिते, दशांशचिन्हासकट.

मग वार पडते,
आणि नऊ महिने पायरी पायरीनं चढवलेल्या बाईखालची
शिडीच कुणीतरी काढून घेतं.

तिसऱ्या दिवशी लाळ घ्यायला मी तिच्या घरी.
होनोराता चोकेवांका. तोवर मला फक्त सत्तेचाळीस माहीत होती.
उघड्या विटांची खोली, मेंढीच्या कातड्यावर ती,
नवरा सुपाचं भांडं धरून दारातच थिजलेला.
सुपात मीठ कमी होतं. एवढंच.
ती हुंदके देत होती, आणि झगा पान्ह्यानं भिजलेला.
मला काही झालेलं नाही, म्हणाली,
मग मी का रडतेय?

उत्तर माझ्या पिशवीत होतं,
खाली तुटत गेलेली एक रेघ.
मी पिशवी उघडली नाही.
मीठ कुठंय, विचारलं.
तिनं चाखलं. आता खारट झालं, म्हणाली,
आणि नाक पुसता पुसता हसली.

कापसाची काडी मी बाळाच्या गालाआत फिरवली.
ते तीच चोखू लागलं, सोडेना.
शेवटी नळीवर लिहिलं:
नमुना बाद. दुधाचा अंश.
उद्या परत यावं लागणार.