चारशे मिलिअँपिअर

प्रधानबाईंची गाडी दर सोमवारी मरायची.
शुक्रवारी ऐरोलीला बिल्डिंगखाली लावली, की
शनिवार-रविवार उभ्या उभ्या रिकामी.
बॅटरी नवी. अल्टरनेटर ठणठणीत.
दोन गॅरेजांनी हात टेकले,
मग जंपर लावून रबाळ्याला माझ्याकडे आली.

बॉनेट उघडलं, काळी वायर सोडली,
मधे मीटर जोडला.
म्हटलं, आता थांबायचं.
लॉक केली तरी गाडी लगेच झोपत नाही,
आतलं एकेक मिटत जातं,
वीसेक मिनिटं धरा.

तोवर खालून ऑइलचा नट काढला.
काळं कुळकुळीत, अजून कोमट,
आधी धार, मग दोरा, मग थेंब.
थेंबांना घाई करून चालत नाही.
बाई स्टुलावर बसून थेंब बघत होत्या,
वह्या तपासाव्यात तशा.

मीटरवर चारशे. पन्नासच्या आत हवा.
एकेक फ्यूज उपटत गेलो,
हॉर्न, वायपर, टेप. आकडा ढिम्म.
अकरावा काढला आणि धाडकन अठ्ठावीस.
आतल्या दिव्यांचा फ्यूज.
छतावरचा तर विझलेला. राहिली डिकी.
पण डिकी बंद झाल्यावर आत बल्ब जळतो की विझतो
हे बघायला आत कोण बसणार?

फ्यूज परत लावला. म्हटलं, बाई, मोबाइल द्या.
व्हिडिओ चालू करून स्टेपनीला टेकवला,
झाकण आपटलं.

बाई कोपऱ्यावर पाण्याची बाटली आणायला गेल्या.
मी आणि भगीरथ डिकीला टेकून उभे.
काय बोललो? रोज बोलतो तेच.
एकटी बाई, चौदा वर्षांचं डबडं,
भंगारात घालावं तर जीव सुटत नाही.
भगीरथ म्हणाला, बिल किती लावायचं?
म्हटलं, दोन दिवस ठेवू इथंच,
म्हणजे बिल शोभेल.

डिकी उघडली. बाईंनी तिथंच व्हिडिओ लावला.
पिवळा उजेड. छत्री, पान्हा, सतरंजीची घडी.
झाकण पडतं,
उजेड तसाच.
सापडला चोर! मी ओरडलो.
आणि मोबाइलमधून माझाच आवाज आला,
पत्र्यापलीकडून, बारीक,
पण शब्द न् शब्द.

बाईंनी बंद नाही केला.
पाचही मिनिटं ऐकली.
खाली डब्यात एक थेंब पडला.
बऱ्याच वेळानं आणखी एक.

मग पर्सची चेन ओढत म्हणाल्या,
स्विच केवढ्याचा असतो?
सत्तर रुपये.
बदला. मी थांबते.

चार मिनिटांचं काम.
मला अर्धा तास लागला,
डिकीत डोकं घालून,
त्या दिव्याखाली.