दोन सेकंदांचा डंका

नंदुरबारला, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानामागे
जुन्या कॉम्प्युटरवर ओळी वरून खाली सरकतात.
चौसष्ट ओळी. नवानंतर दहा नाही, ए येतो.
एका रकान्यात मी ठेवलाय मिरची कांडायचा डंका,
भावाच्या फुटक्या मोबाइलमधला,
दोन सेकंद, कुणाच्यातरी खोकल्यासकट.

आज फिल्टर लावला.
कटऑफ खाली आणला तसा
आधी ठसका गेला,
मग लोखंडावरचं लोखंड,
मग पत्र्याचं छप्पर.
उरलं ते भिंतीपलीकडून आल्यासारखं.

मग रेझोनन्स.
म्हणजे जिथं कापलं त्या काठावर
जो सूर उभा असेल त्यालाच माया लावायची.
फार लावली की तो लाडावतो,
बाकी कुणाला बोलूच देत नाही.
आकडा चढवत गेले.
सीला घागरीत तोंड घालून कुणी हुंकारलं,
ईला स्पीकरची जाळी थरथरली.

झिपरूदादा चहा घेऊन दारात होता.
तीस वर्षं डंक्यापाशी; कान केव्हाच गेले,
हाक मारली तर ओठ बघतो.
कप खाली ठेवला,
आणि तळहात स्पीकरवर,
तापलेल्या कपाळावर ठेवावा तसा.

"हाई ते मनी मोटर शे."
जरा थांबून,
"बेरिंग गयं व्हतं तवयनी."

फाइलच्या नावाला इथं आठच अक्षरं मिळतात.
'डंका' पुसलं.
काय लिहावं, ठरत नाही.
कर्सर लुकलुकतोय,
चहावर साय धरलीये,
दादा हात काढत नाही.