धुडकूबाबा

शीर शोधणं हे माझं काम.
चोपड्यात, बसस्टँडमागच्या लॅबमध्ये,
सकाळी सात ते एक.
केळीच्या गाड्या भरणाऱ्या पोरांना
रबर बांधायचीही गरज नसते,
दोरखंडासारखी वर आलेली शीर
म्हणजे नुसती मेहनत, आणि मे महिना.

धुडकूबाबा सैंदाणे शुगर तपासायला आले.
न्हावीकामात चाळीस वर्षं उभे.
सांगत होते गुरव मास्तरांचं:
पाठ ताठ, मान सरळ,
तरी कानाखालून गळ्यापर्यंत शीर टरारलेली.
वस्तरा पुसून ठेवला म्हणे,
दाढी अर्धी राहू द्या मास्तर,
आधी जळगाव गाठा.
हृदय थकलं होतं. वेळेवर कळलं.
अर्धी दाढी अजून उधार आहे.

मी हसले, आणि कापूस खाली पडला.
उचलायला वाकले
तर पायजम्याखाली पोटरीभर निळ्या गाठी,
कारल्याच्या वेलासारख्या वळत उतरलेल्या,
आणि घोट्याशी कातडी
तव्याच्या बुडासारखी काळी, खाजवून सोललेली.
कधीपासून हे?
त्यांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतला.
"काही नई शे माय, उनमुये फुगनी व्हई."

त्यांच्या दुकानात आरसे दोन.
दोन्ही कमरेच्या वर.

पाकिटावर मी सर्जनचं नाव लिहून दिलं.
त्यांनी ते घडी करून कानामागे खोचलं,
दंडावरचा कापूस दाबत उठले.
आज बाजार आहे, म्हणाले,
संध्याकाळपर्यंत बसायला मिळायचं नाही.