बी परत पिशवीत

साखळीत, वाळवंटीच्या पुलाच्या तिसऱ्या खांबावर
काळ्या-पांढऱ्या पट्ट्या रंगवल्या आहेत.
त्या मी वाचतो. एवढीच नोकरी.
पावसात दर तासाला, एरवी सकाळी आठला,
टॉर्च, वही, आणि पेन्सिल, कारण शाई ओघळते.

आता तिथं सेन्सरही बसवलाय.
पाण्याला न शिवता पाणी मोजतो.
कोळ्यानं त्याच्यावर जाळं विणलं की
भर उन्हात नदी दीड मीटर चढते,
आणि पणजीहून फोन येतो: शाबलो, जरा बघून ये.
मी बघून येतो.
नदी असते तिथंच,
एक बगळा तेवढा या काठाचा त्या काठाला.

त्या रात्री मात्र सेन्सरच आधी गेला.
वर केरीला कोसळत होता, इथं नुसती झिमझिम,
खाली मांडवीत भरती.
वरचं पाणी उतरेना, खालचं वाट देईना,
आणि मध्ये झोपलेला बाजार.

दोन वर्षांपूर्वी मी भोंगा वाजवला होता
आणि पाणी आलं नव्हतं.
महिनाभर मला चहावाल्यापासून सगळे
‘भोंगा’ म्हणूनच हाक मारायचे.
म्हणून या खेपेस बटनावर बोट ठेवून
मी आणखी एक पट्टी बुडायची वाट बघितली.
अकरा मिनिटं.
वहीत ती अकरा मिनिटं नाहीत.
वहीत फक्त आकडा आहे, आणि त्याच्या खाली दुसरा आकडा.

कुस्ताच्या दोन म्हशी दाव्याला होत्या.
दावं कापायला अकरा मिनिटं लागत नाहीत.

आठवड्यानं इंजिनिअरबाई आल्या, शर्वाणी कुंकळ्येकर,
तिपाई आणि दुर्बीण घेऊन.
जो तो एकच विचारी: किती वर्षांतून एकदा, बाई?
त्या म्हणाल्या, तुमच्या वह्या अडतीस वर्षांच्या.
एवढ्या दोरीनं केवढी विहीर मोजू?
त्याआधीचं कुणाला काही आठवतं का?

भोब्यांच्या भुसारी दुकानातले आजोबा म्हणाले,
पोर्तुगीज असताना एकदा तिसरी पायरी बुडालेली,
बापानं चौकटीत खिळा मारला.
बाईंनी मोजलं. पायऱ्या दोनच.
तिसरी डांबराखाली,
दर निवडणुकीला रस्ता एक थर चढलेला.
मग चौकट खरवडली:
हिरवा, पिवळा, निळा, आणि मग गंज.

खिळा आमच्या चिखलाच्या रेघेहून वीतभर वर निघाला.
खोटं कशाला बोलू, बाजार जरा हिरमुसलाच.
एवढं सगळं वाहून गेलं
आणि आपला पूर पहिलासुद्धा नाही.
बाई म्हणाल्या, तेव्हा काठाला भिंत नव्हती,
पाणी शेतात पसरायचं.
उंची तीच, म्हणून पाणी तेच असं नसतं.
हे कुणी ऐकलं नाही. मी ऐकलं.

शेवटी त्यांनी आकडा सांगितला, चाचरत,
शंभरातला एक, कदाचित साठातला.
म्हणजे आता नातवंडांच्या वेळी, कुणीतरी सुस्कारा सोडला.

बाईंनी भोब्यांकडून काजूच्या बिया मागितल्या,
मोजून शंभर.
एकीला माझ्या पेनाची लाल शाई लावली.
काढा, म्हणाल्या.
कुस्तानं हात घातला. साधी निघाली.
आता परत टाका.
परत? काढलेली बी परत?
हो. नदी काढलेली बी बाजूला ठेवत नाही.
यंदा लाल निघाली तरी
पुढच्या वर्षी पिशवीत शंभरच, आणि लाल आतच.
कुस्ता पिशवीकडे बघत राहिला,
ती जणू हलतेय असं.

पिशवी माझ्या खोलीत खुंटीला आहे.
अजून तरी कीड नाही.
त्या काळ्या पट्टीला ओल लागली
की आता मी थांबत नाही.

यंदा दोनदा वाजवला, दोन्हीदा पाणी आलं नाही.
दोन्हीदा कुस्ता नवी म्हैस सोडून
अंधारात चढावर घेऊन गेला,
मला ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं
शिव्या देत.