कलम

वरूडच्या कोर्टात कडू वकिलानं सांगतलं,
बाई, कलमाचा नंबर बदलला.
एकशे पंचवीस होतं, आता एकशे चव्वेचाळीस.
मी इचारलं, अन् रक्कम?
रक्कम तेच.
अठराशे. सहा वर्सं झाले, अठराशे.

कलम म्हनलं का मले दुसरंच आठवते.
जंबेरीचं रोप, पेन्सिलीएवढं जाड,
जमिनीपासून वीतभर वर चीर पाडाची,
तिच्यात संत्र्याचा डोळा बसवाचा,
अन् पट्टी गुंडाळाची, श्वास धरून.
देविदासचा हात थरथरे.
डोळे मीच भरले.
तीनशे झाडं.
दोन उन्हाळे डोक्यावर गुंड घेऊन एकेकाले पाणी देल्लं,
अन् रातच्याले विहिरीतला गाळ उपसला,
तोही डोक्यावरच.

संत्रं पाच वर्सं काईच देत नाई.
नुसतं घेते.
सहाव्या वर्सी आंबिया फुटला,
अन् त्याच महिन्यात आली नोटीस.
फुलायच्या वासात वाचली.
अजून बी तो वास आला का
मले कागद आठवते.

अर्जात लिहिलं होतं,
अर्जदार कोणतेही काम करीत नाही.
माह्याच अर्जात!
कडू वकील म्हणे, असंच लिहावं लागते,
कमावते म्हनलं तर पोटगी कमी होते.
मी सई केली. पुष्पकला.
शेवटचा काना लांब ओढला,
सात वर्सायच्या कामावर
मीच रेघ मारली.

शब्दच पाहा ना, पोटगी.
पोटापुरती.
पाठीचं त्यात काई नाई.

तो काई राक्षस नाई.
मधात आठ महिने थकले, तं दहा दिवस आत घातला त्याले.
तो आत, मी बाहेर, पैसा कोणापाशीच नाई.
तवा त्याच्या मायचा फोन आला मले,
पुष्पे, साखरेची गोळी जेवनाआधी का मंग व?
मी सांगतलं, आधी.
अन् पांढरी नोको घेऊ, गुलाबी घे.
तिचा आवाज भरून आला,
माह्या बी आला असंन.

मागच्या पेशीले मी उभी राह्यली.
म्हनलं, साहेब, पोटगी नोको.
तीनशातले शंभर झाडं द्या.
बहार आला तं मले बी येईन,
गळ झाली तं मले बी गळ.
भाव पडला तं दोघायचा पडू द्या,
मंग त्याले आत घालाचं बी काम नाई
अन् मले तारखेले याचं बी.

कोर्टात कोणीतरी हासलं.
साहेब नाई हासले. चष्मा काढला.
म्हणाले, बाई, या कलमात तशी तरतूद नाही.
सातबारा कोणाच्या नावावर आहे?
झाडं तुम्ही लावली, याचा काही पुरावा?

मी डावा अंगठा दाखवला.
डोळा भरतानी चाकू लागला होता, त्याचा वण.
साहेबानं पाह्यला, खरंच पाह्यला.
टायपिस्टचे हात वरच्या वर थांबले,
याले काय लिहावं म्हणून.
मंग त्यानं पुढची तारीख लिहिली.

येस्टीत कंडक्टरनं पुरावा नाई मांगतला.
तोंड पाह्यलं अन् अर्धं तिकीट देल्लं.

वळणावर बगीचा येते.
तिसरी ओळ, धुऱ्याकडून सातवं झाड.
बुडातून जंबेरीचा फुटवा सुटला त्याले,
हातभर, काटेरी, हिरवागार.
तोडला नाई तं तोच वर चढते,
संत्रं मरते, अन् आंबट जंबेरी तेवढी राह्यते.
दुरून पाहणाऱ्याले दोन्ही हिरवंच दिसते.
देविदासले कधीच ओळखू आलं नाई.

खिडकीची सळई धरून मी अर्धी उठली.
बाजूची बाई पाय आवरून म्हणे,
इथंच उतराचं हाये का तुमाले?